पडीक कुणी ठरवलं?

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात दागिने नाहीत, दंडाच्या पावत्या आहेत. सगळ्यात जुनी १९७४ सालची. सरकारी गायरान विनापरवाना वहीत केलं म्हणून बाला झालेला दंड. बाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कागदाची किंमत त्याला पक्की ठाऊक होती. दुसरे लोक दंड भरून पावती चुलीत घालायचे. बा घडी करून ठेवायचा. म्हणायचा, "सरकार मला चोर म्हंतंय. पर कंच्या गटात हुबा ऱ्हाऊन चोरी केली, तेबी लिवून देतंय. लेका, ह्योच आपला सात-बारा."

त्या पावत्यांची आठवण आता निघायचं कारण सूर्य आहे.

२०२४ चा पावसाळा सरला आणि आमच्या माळावर मोजणीवाले आले. तीन पायांची दुर्बीण, हातात नकाशा, नकाशावर लाल चौकोन. त्या चौकोनात सौर विजेचा प्रकल्प बसणार. चौकोनात आमचे तीन एकर, शेजारच्या मांगवाड्यातल्या दोघांचे तुकडे, एका पारध्याचं दोन एकर. तूर कमरेएवढी झालेली. पंचनाम्याचा छापील कागद होता. त्यात एक ओळ : जागेवर असलेली पिके, झाडे, बांधकामे. भाऊसाहेबानं त्यापुढं लिहिलं, 'निरंक'. माझी भावजय म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी तुरीतच हुबं हाव की." तो म्हणाला, "बाई, जमीन सरकारी गायरान आहे. नोंदीला पडीक आहे. पडिकात तूर कशी लिहू?"

त्या माणसाचा मला राग आला नाही. तो दीडशे वर्षांपासून लिहीत आलेलाच शब्द लिहीत होता. म्हणून हा शब्द कुठून आला ते बघितलं पाहिजे. आपल्याकडं इतिहास म्हटलं की लोक किल्ले आणि तलवारी काढतात. तलाठ्याच्या दप्तराचा इतिहास कुणी काढत नाही. आमचा मात्र सगळा तिथंच पडलेला आहे.

इंग्रजांनी १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूर भागातून शेतांची नवी मोजणी सुरू केली. प्रतवारी लागली, आकार बसला. जिच्यावर सारा बसतो ती जमीन, बसत नाही ती पड. म्हंजे पड हा मातीचा गुण नव्हे, वसुलीचा शेरा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानं जिच्यावर कुणाची मालकी शाबीत नाही ती सगळी सरकारची, असं ठरलं. १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं कलम २० मधे तेच पुढं चालवलं. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं, तिथले शब्द वेगळे, गायरान, परमपोक, खारीज खाता. शब्द बदलले तरी पाहणारा डोळा तोच.

आणि गायरान गावाचं होतं म्हणजे कुणाचं होतं? नावातच गाय आहे. ज्याच्या दावणीला गाय त्याचं रान. आमच्या आज्याच्या दावणीला काय होतं? एक शेळी, तीसुद्धा अर्धलीची. गाय त्यांची, रान त्यांचं आणि मेलेली गाय ओढायचं काम आमचं. त्या माळावर आमचा हक्क तीन गोष्टींचा : काटक्या, शेणी आणि मसणवाट. गावगाड्यात हे इतकं नैसर्गिक होतं, की महारामांगाच्या नावावर जमीन का नाही असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

विचारलं ते बाबासाहेबांनी. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडून त्यांनी वतनाच्या वेठबिगारीला हात घातला. पण वतनाबाहेरच्या भूमिहीनांचं काय? ती लढाई १९५३ साली मराठवाड्यात उभी राहिली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या लोकांनी पडीक सरकारी जमिनीत औत घातलं आणि हजारावर माणसं तुरुंगात गेली. पुढं १९५९ ला पुन्हा. मग ६ डिसेंबर १९६४. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या ही त्यातली मोठी मागणी. तीन लाखांहून जास्त लोकांनी अटक करून घेतली असं रिपब्लिकन पक्षाचे लोक सांगत. माझी आज्जी त्यांच्यात होती. तुरुंगात दोन्ही वेळा भाकर मिळाली म्हणून ती खूष होऊन आली होती. हसू नका. त्या काळात आमच्या वस्तीत दोन्ही वेळा भाकर फक्त सरकारच देऊ शकत होतं, तेही गजाआड.

बानं औत घातलं ते १९७३ ला. दुष्काळ चालू होता. खडी फोडायच्या कामावर जाऊन आल्यावर रात्रीच्या चांदण्यात आई-बा दगड वेचायचे. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. मुरमाड बरड होतं ते. चार वर्षं दगड वेचले तेव्हा तिफण चालायला लागली. पहिली हायब्रीड पोटरीला आली त्या रात्री गावातल्या लोकांनी तिच्यात ढोरं घातली. सकाळी बा धुऱ्यावर बसून होता. रडला नाही. दुपारी तलाठी आला आणि दंड करून गेला. ढोरांना नव्हे, बाला.

गावानं त्यावर चारी बाजूंनी मारा केला. १९७८ मधे मराठवाड्यात नामांतरावरून घरं जळाली, पोचिराम कांबळेंचा जीव गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, विद्यापीठाच्या नावावरून दंगल. नावावरून होतीच. पण माझ्या मते ज्या ज्या गावात आमच्या लोकांनी गायरान धरलं होतं तिथं हात जास्त सैल सुटले. विद्यापीठ पुष्कळांनी पाहिलंही नव्हतं. डोळ्यासमोर रोज दिसत होती ती आमची ज्वारी.

त्याच १९७८ च्या डिसेंबरात सरकारनं निर्णय काढला. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची. बा बसला त्यात. अर्ज दिला. चौकशी झाली. पुढं काय झालं ते कागदालाच माहीत. मग १९९१ च्या नोव्हेंबरात दुसरा निर्णय आला, अनुसूचित जाती, जमाती, भटक्यांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं निघालेला हा कागद. पुन्हा अर्ज. बीड भागात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानानं हे गावोगाव नेलं, पोतराजाच्या घरातल्या त्या माणसानं हजारो कुटुंबांना गायरान कसायला उभं केलं. पुष्कळांना कागद मिळाले. त्याहून पुष्कळांना मिळाले नाहीत. बाचं नाव गाव नमुना एक-ई मधे राहिलं. एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. आमच्या तीन पिढ्यांचा इतिहास त्या एका वहीत आहे आणि वहीचं नाव चोरांची यादी.

मधल्या काळात एक हिरवी लाटही येऊन गेली. १९८० नंतरच्या दशकात सामाजिक वनीकरणानं गायरानात सुबाभूळ आणि निलगिरी लावली. झाडं लावायला विरोध कोण करणार? केला तर अडाणी. काही ठिकाणी झाडं जगली, पुष्कळ ठिकाणी फक्त खड्डे आणि तारेचं कुंपण जगलं. पर्यावरणाच्या नावानं गायरानाला पडलेलं हे पहिलं कुंपण. आत्ताचं दुसरं.

मग न्यायालय. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. खटला होता पंजाबातल्या एका गावतळ्याचा. तळं बुजवून घरं बांधणाऱ्या दांडग्यांचा. त्याच निकालात एक सवलत लिहिली आहे : भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना सरकारी आदेशानं पट्टे दिलेले असतील तर नियमित करण्याचा विचार व्हावा. महाराष्ट्रानं १२ जुलै २०११ ला त्यावरून निर्णय काढला. खाली तहसीलीत पोचेपर्यंत सवलत वाटेत गळाली, 'काढा' तेवढं राहिलं. २०२२ मधे मुंबई उच्च न्यायालयापुढं सरकारनं सांगितलं, राज्यात साडेचार लाख हेक्टरांच्या आसपास गायरान, त्यातल्या सुमारे १० हजार हेक्टरांवर सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं. नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले, प्रकरण लोंबकळलं.

आणि २०२३ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची दुसरी आवृत्ती आली. पहिली २०१७ ची. विजेच्या उपकेंद्राजवळ जागा शोधायची, तिथं सौर पाट्या बसवायच्या, ती वीज शेतीपंपांना दिवसा द्यायची. २०२४ साली वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, या आवृत्तीतला पहिला. एकूण उद्दिष्ट पुढं १६ हजार मेगावॉटपर्यंत गेलं.

आता इथं मला नीट बोललं पाहिजे, नाहीतर मित्र म्हणतील हा विजेच्याच विरोधात. वीज आमची वैरी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा वीज त्यांच्याच खात्यात होती. २५ ऑक्टोबर १९४३ च्या त्यांच्या भाषणाचा सूर असा, की वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, कारण तिच्याशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही. कोळशाची वीज काय करते ते चंद्रपूरला विचारा. उन्हाची वीज तिच्याहून कैक पटीनं बरी. आणि दिवसा पाणी मिळालं तर नुसतं बागायतदाराचंच भलं होतं असंही नाही. रात्री दोन वाजता उसाला दारं धरायला जाणारा गडी बहुतेक वेळा आमचाच असतो, साप त्यालाच चावतो.

पण हिशेब बघा. ज्याला विहीर त्याला पंप, ज्याला पंप त्याला दिवसाची वीज. पंप आमच्याकडं नाही. वीज त्याच्या पंपाला आणि जमीन जाणार आमच्या पोटाखालची. दुसरा हिशेब याहून उघडा आहे. खासगी शेतकऱ्यानं या योजनेला जमीन भाड्यानं दिली तर त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये दर वर्षी, शिवाय वर्षाला तीन टक्के वाढ. गायरान घेतलं तर भाडं नाममात्र, एक रुपया. ऊन तेच, पाट्या त्याच. आमचे तीन एकर बाच्या नावावर झाले असते तर वर्षाला दीड लाख आले असते. एक-ई मधे आहेत म्हणून शून्य. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळणार म्हणतात. ग्रामपंचायत म्हंजे कोण, हे ज्वारीत ढोरं घातलेल्यांच्या नातवांना विचारा.

तरी लोक म्हणतात, भांडण अटळ आहे, प्रकल्पाला जमीन लागणारच. बरं, करू गणित. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. १६ हजार मेगावॉट सगळेच्या सगळे गायरानात बसवले तरी फार तर ८० हजार एकर, म्हणजे ३२ हजार हेक्टर. साडेचार लाखातले ३२ हजार, शंभरातले सात. अतिक्रमणाचा सरकारी आकडा शंभरातला दोन-सव्वादोन. तो मी पूर्ण मानत नाही, दुप्पट-तिप्पट धरा. तरी आमच्या तुकड्याला बोटही न लावता भागतं. मग लाल चौकोन आमच्याच तुरीवर का? कारण जागा उपकेंद्रापासून १० किलोमीटरच्या आत पाहिजे, रस्त्याजवळ पाहिजे आणि सपाट पाहिजे. सपाट! आई-बानं चांदण्यात चार वर्षं दगड वेचले ते आठवा. आमच्याच घामानं जमीन कंपनीच्या पसंतीला उतरली.

ही गोष्ट आमच्याच माळाची असती तर मी तक्रार लिहिली असती, लेख नव्हे. साताऱ्याकडं पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या त्या नव्वदीच्या दशकाच्या शेवटी. पवनचक्कीत पैसा घातला की पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवून कर वाचायचा, म्हणून शहरातले धनिक वाऱ्याच्या प्रेमात पडले. पवनचक्कीची खरी जागा थोडी. खांबाचा पाया, रस्ता, तारा. खाली गुरं चरू शकतात, नाचणी पिकू शकते. म्हणजे भांडण व्हायचं कारणच कमी. तरी धुळ्याला साक्रीच्या डोंगरात झालं, कारण वनजमीन पवनचक्क्यांकडं वळवली गेली आणि तिच्यात आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत होते. वनहक्काचा कायदा २००६ चा, ग्रामसभेच्या संमतीशिवाय वनजमीन वळवू नका असं केंद्राचं परिपत्रक ऑगस्ट २००९ चं. पातं आधी फिरलं, कागद मागून आला.

आणि ज्याच्याकडं सात-बारा होता त्याची काय गत? धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. पाच एकर जमीन वीज प्रकल्पाला गेली, मोबदला चार लाखांच्या आसपास. शेजारच्याला कैक पट. दाद मागत ते मंत्रालयात गेले आणि जानेवारी २०१८ मधे तिथंच विष घेतलं. ऐंशी ओलांडलेला म्हातारा. ते आमच्या जातीचे नव्हते. म्हणून त्यांचं दुःख आमच्याहून हलकं असं मी म्हणणार नाही.

जमीन संपादन न करता भाड्यानं घ्या, म्हणजे भांडण मिटतं, असं एक उत्तर सांगितलं जातं. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला तसं केलं. पाच गावांची १३ हजार एकर, एकरी २१ हजार रुपये वर्षाला, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ, २०५० मेगावॉट. कोरडवाहू, दुष्काळी मुलूख. जमीनवाल्यांना ते परवडलं, मालकी हातातच राहिली. ही पद्धत चांगली आहे हे मी मान्य करतो. पण त्या जमिनीत भुईमूग उपटायला, खुरपायला जाणारी दलित बाई भाडेपट्ट्यात कुठं आहे? तिचा मालक भाडेकरू ठेवून मोकळा झाला, तिची मजुरी पाट्यांखाली गेली. शेळ्यांना कुंपण आडवं आलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शेतमजुराला, कुळाला बाधित कुटुंब मानलं आहे, त्यांची पाहणी करायला लावली आहे. पण संपादनच केलं नाही तर तो कायदा लागत नाही. सौर पाट्यांच्या प्रकल्पाला पर्यावरण परवानगीही लागत नाही, त्यामुळं जनसुनावणी नाही. तुम्ही कुठं उभं राहून बोलायचं? तुरीत.

वरून दिल्लीत देशाच्या पडीक जमिनीचा नकाशा छापतात. २०१९ च्या आवृत्तीप्रमाणं देशाची सतरा टक्क्यांच्या आसपास जमीन पडीक. उपग्रहातून काढलेला नकाशा. उपग्रहाला काटक्या दिसतात, काटक्या वेचणारी दिसत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं फार मोठं नाही. चौकोन आखायच्या आधी एक-ई उघडा. ती वही चोरांची यादी म्हणून वाचू नका, वहिवाटदारांची यादी म्हणून वाचा. १९७८ आणि १९९१ च्या निर्णयांखालचे जे अर्ज धूळ खात पडलेत त्यांचा निकाल आधी लावा, मोजणी मागून. खरिपात एकदा, रब्बीत एकदा जागेवर पाय ठेवा. उन्हाळ्यात बघाल तर माझ्या बागायतदार मित्राचं शेतसुद्धा पडीक दिसेल. आणि जिथं माणूस कसतोय आणि जमीन लागणारच असेल तिथं तो एक रुपयाचा खेळ बंद करा. हेक्टरी सव्वा लाख त्यालाही द्या, बाईच्या आणि बाप्याच्या दोघांच्या नावानं. खासगी मालकाला परवडतं ते सरकारला का परवडत नाही?

पाट्या उंच खांबांवर बसवता येतात, खाली भाजी, मूग, शेळ्या चालतात. जोधपूरच्या शेती संशोधन संस्थेनं पाट्यांच्या मधल्या पट्ट्यात पिकं घेऊन दाखवलीयत. गुजरातेत मेहसाण्याकडं २०१२ मधे कालव्यावरच पाट्या टाकल्या, पाऊण किलोमीटर कालव्यावर एक मेगावॉट. जमीन नाही, भांडण नाही. मराठवाड्यात कालवे आहेत, त्यांत पाणी नसलं तरी वर ऊन आहे. साखर कारखान्यांच्या गोदामांचे पत्रे आहेत, औद्योगिक वसाहतींची छपरं आहेत. साहेब लोक म्हणतात, उंच खांबाला लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो. वाढणारच. आजवर तो खर्च वाचला कारण त्या जागी माणूस स्वस्तात मिळत होता.

आमच्या प्रकरणाचं काय झालं ते सांगतो. आम्ही सात घरांनी हरकत दिली. सुनावणीला गेलो. मी पावत्या काढून टेबलावर मांडल्या, १९७४ पासूनच्या. बा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दिवशी तोच बोलत होता असं वाटलं. साहेबानं एकेक उलटून पाहिली. एक-ई मागवली. तिच्यात बाचं नाव निघालं, सालासकट. साहेब म्हणाला, "हे अतिक्रमण सिद्ध करणारे पुरावे तुम्ही स्वतःच आणलेत." मी म्हणालो, "होय रावसाहेब. जमीन पडीक नव्हती याचेही तेच पुरावे आहेत." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मूळ पावत्या जमा करा.

मी झेरॉक्स दिली. मूळ पावत्या पेटीत आहेत. पुढची तारीख पडली ती तुरी झोडपून झाल्यानंतरची.